अर्ध्या फेऱ्याचे गणित : रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरच्या जोडदांड्या आणि खानदेशची हवा

रेडिओ-नियंत्रित विमानाच्या प्रतिकृतीत नियंत्रणाची एखादी दांडी मिलिमीटरभर लांब राहिली, तर उडवणारा रेडिओवरील ट्रिमचे बटण थोडे सरकवतो, विमान सरळ होते आणि उड्डाण पुढे चालू राहते. हेलिकॉप्टरच्या प्रतिकृतीत ही सवलत मिळत नाही, कारण तेथे उचल, पुढे-मागे झुकणे आणि डावी-उजवी कलाटणी ही तिन्ही कामे एकाच तबकडीतून आणि तिला जोडलेल्या त्याच तीन दांड्यांतून होतात. त्यामुळे एका दांडीची चूक एका हालचालीपुरती मर्यादित न राहता तिन्हींत उतरते. अशा यंत्राच्या जुळवणीत एक नियम सर्वांत वरचा मानावा लागतो : आधी धातू आणि प्लास्टिकच्या भागांची भूमिती बरोबर करावी आणि मगच रेडिओच्या आकड्यांना हात लावावा. रेडिओतील दुरुस्ती चुकीचा परिणाम एका ठिकाणी झाकते, पण चूक जागेवरच राहते आणि रेडिओवरील नियंत्रणाची काठी टोकाला गेल्यावर पुन्हा वर येते.

या जुळवणीतील मुख्य भाग ओळखून घेणे आवश्यक आहे. रेडिओ ग्राहकाकडून आलेल्या संकेतानुसार ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. तिच्या दातेरी आसावर बसवलेला आडवा हात म्हणजे सर्व्हो आर्म. आर्मवर बसवलेली धातूची गोळी म्हणजे बॉल, आणि त्या गोळीवर दाबून बसणारी प्लास्टिकची कडी म्हणजे बॉल लिंक. दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या पोलादी दांडीवर दोन बॉल लिंक फिरवून बसवल्या की एक जोडदांडी तयार होते. मुख्य रोटरच्या दंडाभोवती असलेली आणि दोन कड्यांची बनलेली तबकडी म्हणजे स्वॅशप्लेट. तिची खालची कडी फिरत नाही, पण सर्व्होंच्या दांड्यांनी वरखाली व तिरपी होते. वरची कडी रोटरबरोबर फिरते आणि आपल्या दांड्यांनी पात्यांचा कोन बदलते. संपूर्ण तबकडी सपाट राहून वर गेली, तर दोन्ही पात्यांचा कोन सारखाच वाढतो आणि हेलिकॉप्टर उचलले जाते. याला कलेक्टिव्ह म्हणतात. तबकडी एका बाजूला कलली, तर प्रत्येक पात्याचा कोन त्याच्या प्रत्येक फेरीत एकदा वाढतो व एकदा घटतो आणि यंत्र त्या बाजूला झुकते. याला सायक्लिक म्हणतात.

हीच रचना खऱ्या हेलिकॉप्टरातही असते, आणि खानदेशातील वाचकाला ती पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे, शिरपूरच्या धावपट्टीवर तेथील अकादमीचे आणि अलीकडे जळगाव विमानतळावरही वैमानिक प्रशिक्षण चालत आले आहे. पण ते सारे स्थिर पंखांच्या विमानांचे आहे. हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण शेजारच्या जिल्ह्यात, नाशिक रोड येथील भूदलाच्या विमानचालन प्रशिक्षण संस्थेत, चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांवर दिले जाते. या दोन्ही हेलिकॉप्टरांच्या मुख्य रोटरला तीन पाती असतात आणि त्यांच्या पात्यांचे कोनही स्वॅशप्लेटमधून निघालेल्या, लांबी बदलता येणाऱ्या दांड्यांनीच ठरतात. प्रतिकृतीत फक्त माप लहान होते, चुकीला मिळणारी सूट मात्र त्याहून जास्त आक्रसते.

हे मापांतून पाहणे योग्य ठरेल. छंदिष्टांत ‘४५०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील हेलिकॉप्टरचे प्रत्येक पाते साधारण ३२५ मिलिमीटर लांब असते, मुख्य रोटरचा व्यास ७०० मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि बॅटरीसह वजन किलोपेक्षा थोडे कमी राहते. त्याचा रोटर मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेतो, म्हणजे पात्याचे टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरपर्यंतच्या वेगाने फिरत असते. त्याच्या जोडदांड्यांवर बहुधा एम२ या मापाचे आटे असतात. म्हणजे दांडीचा व्यास २ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर ०.४ मिलिमीटर. बॉल लिंकचा एक पूर्ण फेरा दिला की दांडीची लांबी ०.४ मिलिमीटरने बदलते, आणि अर्धा फेरा दिला की ०.२ मिलिमीटरने. पात्याच्या पकडीवरील बॉल पात्याच्या वळण-अक्षापासून १६ मिलिमीटर दूर असेल, तर लिंकच्या एका पूर्ण फेऱ्याने त्या पात्याचा कोन जवळपास १.४ अंशांनी आणि अर्ध्या फेऱ्याने ०.७ अंशाने बदलतो. हवेत एका जागी तरंगताना या पात्यांचा कोन ५ ते ६ अंश असतो; त्यामुळे एका पात्याच्या दांडीत एका फेऱ्याची चूक राहिली, तर ते पाते दुसऱ्यापेक्षा निदान पाचवा हिस्सा जास्त किंवा कमी हवा खाली ढकलते. अर्धा फेरा हे या कामातील खरे एकक आहे, कारण लिंकचे भोक बॉलसमोर यायचे असेल, तर दांडीची लांबी अर्ध्या फेऱ्याच्या पटीतच बदलता येते; एकाच बाजूने बसणाऱ्या लिंकला मात्र पूर्ण फेराच द्यावा लागतो.

जुळवणीला सुरुवात करण्यापूर्वी मोटरच्या तीन तारांपैकी दोन सोडवून ठेवणे किंवा तिचे दंतचक्र मोठ्या चक्रापासून दूर करणे अनिवार्य समजावे. खोलीत मुख्य पाती लावून जुळवणी करू नये. त्यानंतर रेडिओतील सर्व ट्रिम व सबट्रिम (एकेका सर्व्होची मध्यस्थिती किंचित सरकवणारे आकडे) शून्यावर आणावेत, कलेक्टिव्हची वक्ररेषा सरळ ठेवावी आणि काठी बरोबर मध्यावर ठेवून सर्व्होंना त्यांच्या मध्यस्थितीत येऊ द्यावे. या क्षणी प्रत्येक सर्व्हो आर्म आपल्या जोडदांडीशी काटकोनात असला पाहिजे, आणि येथेच पहिली अडचण येते. सर्व्होच्या आसावर दाते असतात, त्यामुळे आर्म मनाजोगत्या कोनात न बसता दात्यांच्या पायऱ्यांनीच सरकतो. २५ दात्यांच्या आसावर एक पायरी १४.४ अंशांची असते. मात्र चार हातांचा आर्म वापरला, तर २५ ला ४ ने निःशेष भाग जात नसल्याने चारही हात दात्यांच्या संदर्भात वेगवेगळ्या जागी पडतात आणि त्यांच्यातील फरक पाव पायरीचा, म्हणजे ३.६ अंशांचा असतो. चारही हात एकेक करून बसवून पाहिले, तर त्यांतील एक काटकोनापासून १.८ अंशांच्या आत येतोच. तो ठेवून बाकीचे तीन कापून टाकावेत आणि उरलेला किंचित फरक मात्र सबट्रिमने भरून काढावा. सबट्रिमचा योग्य वापर एवढाच आहे.

काटकोनाचा हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांवरून स्पष्ट होते. आर्मवरील बॉल आसापासून १२ मिलिमीटरवर असून सर्व्हो दोन्ही बाजूंना ४० अंश फिरत असेल, तर काटकोनातून सुरू झालेला आर्म दांडीला वर आणि खाली सारखेच, सुमारे ७.७ मिलिमीटर सरकवतो. तोच आर्म मध्यस्थितीत १० अंश वर झुकलेला राहिला, तर वरच्या बाजूला ७.१ आणि खालच्या बाजूला ८.१ मिलिमीटरची सरक मिळते. तीनपैकी एकाच सर्व्होत हा मिलिमीटरचा फरक राहिला, तर कलेक्टिव्ह मध्यावर असताना तबकडी सपाट दिसते, पण काठी वर नेताच ती एका बाजूला कलते आणि खाली नेताच ती बाजू अपेक्षेपेक्षा जास्त खाली जाते. हेलिकॉप्टर उचलताना आपोआप सरकू लागते आणि उडवणारा वाऱ्याला दोष देत राहतो. सबट्रिम कितीही बदलला तरी हा दोष जात नाही, कारण तो मध्यबिंदूत नसून दोन्ही बाजूंच्या विषमतेत असतो.

आर्म काटकोनात आले की दांड्यांची लांबी अशी ठेवावी लागते की स्वॅशप्लेट मुख्य दंडाशी बरोबर काटकोनात बसेल. माहितीपुस्तिकेत दांडीची लांबी दिलेली असते. परंतु ती दोन बॉलच्या केंद्रांमधील आहे की दोन लिंकच्या आतल्या कडांमधील, हे आकृतीत पाहूनच व्हर्निअर लावावा, नाहीतर सगळ्या दांड्या सारख्याच प्रमाणात चुकतात. तबकडीचा काटकोन डोळ्याने तपासता येत नाही. त्यासाठी दंडावर सरकणारे आणि तबकडीवर टेकणारे एक साधन लागते, आणि ते विकत मिळाले नाही तरी जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीतील कोणत्याही चांगल्या लेथवर ते होऊ शकते. अ‍ॅल्युमिनियमच्या गोल सळीचा तुकडा चकमध्ये पकडून त्याचे तोंड आणि मधले भोक एकाच पकडीत कापून घ्यावे. तुकडा मध्येच काढून पुन्हा लावला, तर भोक आणि तोंड यांच्यातील काटकोनाची खात्री राहत नाही. ४५० वर्गात मुख्य दंड बहुधा ५ मिलिमीटरचा असतो, म्हणून भोक शेवटी रीमरने त्याच मापाचे करावे, जेणेकरून साधन दंडावर न डगमगता सरकेल. असे साधन तबकडीवर उतरवून कोठे फट राहते ते पाहावे, तेथील दांडीला अर्धा फेरा द्यावा आणि पुन्हा पाहावे. ज्या दांडीची दोन्ही टोके उजव्या आट्यांची असतात, तिची लांबी बदलताना एक लिंक बॉलवरून काढावी लागते. एक टोक उजव्या व दुसरे डाव्या आट्याचे असलेली दांडी मात्र जागेवरच फिरवता येते, पण तेथे एका फेऱ्याने लांबी ०.८ मिलिमीटरने बदलते, याचे भान ठेवावे.

बॉल लिंक ही या सगळ्या साखळीतील सर्वांत स्वस्त वस्तू असून तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. तिच्या भोकाची एक बाजू काही प्रकारांत किंचित मोठी असते, तेथे तीच बॉलवर दाबायची असते; अनेक उत्पादक लिंकच्या एका तोंडावर अक्षर कोरतात आणि ते बाहेर ठेवायला सांगतात. बसवल्यानंतर दांडी आडवी धरून सोडली तर ती स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी, आणि त्याच वेळी बोटाने हलवून पाहिल्यास तिच्यात कोणतीही ढिलाई जाणवता कामा नये. लिंक घट्ट असेल, तर सर्व्होला मध्यस्थिती अचूक गाठता येत नाही आणि बॅटरीही व्यर्थ खर्च होते. ती सैल करण्यासाठी लिंक बॉलवर असतानाच पक्कडीने बाहेरून हलके दाबावे किंवा तिच्यासाठीच केलेले रीमर वापरावे, घासकागद वापरू नये. बॉल धातूच्या भागात बसवताना निळा, मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा द्रव, लावावा लागतो; प्लास्टिकच्या आट्यांत मात्र तो लावू नये, कारण अनेक प्रकारचे प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकते. दांडी तुटली म्हणून सायकलचा स्पोक कापून लावण्याचा मोह होतो, कारण त्याची तारही साधारण २ मिलिमीटरचीच दिसते. पण त्याचे आटे एम२ च्या आट्यांशी जुळत नाहीत, लिंकमधील प्लास्टिक पिळवटते आणि जोड उड्डाणात सुटू शकतो.

तबकडी सपाट झाल्यावर काठी मध्यावर ठेवून पात्यांचा कोन शून्य अंश येतो का, हे कोनमापकाने तपासले जाते आणि आवश्यक तेथे तबकडीपासून पकडीपर्यंतच्या वरच्या दांड्या कमी-जास्त केल्या जातात. जुन्या पद्धतीच्या रोटरांत पात्यांच्या आडव्या दिशेला, टोकांना लहान पट्ट्या लावलेला एक दंड, म्हणजे फ्लायबार असतो. तेथे तबकडीची हालचाल थेट पात्यांकडे न जाता फ्लायबारच्या हालचालीत मिसळून जाते. मिश्रणाचे छोटे हातही काठीच्या मध्यस्थितीत आडवे असले पाहिजेत, आणि म्हणूनच त्या रोटरात तपासायच्या दांड्या जवळपास दुप्पट होतात. फ्लायबार नसलेल्या अलीकडच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हे मिश्रण स्वतः करतो. दांड्या कमी झाल्या म्हणून अचूकतेची गरज कमी होत नाही, उलट वाढते : नियंत्रकाला दिलेला सायक्लिकचा संदर्भ-कोन, उदाहरणार्थ ६ अंश, प्रत्यक्ष पात्यावर तेवढाच भरला नाही तर त्याचे सगळे हिशेब चुकीच्या मापावर चालतात.

कलेक्टिव्हचा पल्ला शिकणाऱ्यासाठी उणे ३ ते अधिक १० अंशांच्या आसपास ठेवतात. येथे खानदेशची हवा हिशेबात येते. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून फार उंच नाहीत, साधारण २०० ते २५० मीटरांच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे उंचीने हवा फारशी विरळ होत नाही. उष्णतेने मात्र होते. मे महिन्यात दुपारी तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते १० अंशांपर्यंत किंवा त्याखाली उतरते. दाब तोच धरला, तर १० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ असते, आणि त्याच वेगाच्या व त्याच कोनाच्या पात्यांची उचल त्याच प्रमाणात घटते. हिवाळ्यात मध्याच्या थोडे वर तरंगणारे हेलिकॉप्टर उन्हाळ्यात काठी आणखी वर नेल्याशिवाय उचलत नाही. त्यासाठी दांड्या बदलण्याचे कारण नसते, कारण शून्य अंशाची जागा तीच असते. कलेक्टिव्हच्या वक्ररेषेत वरचा कोन किंवा रोटरचा वेग थोडा वाढवला की पुरते. रेडिओने करायचे काम आणि दांडीने करायचे काम यांतील सीमा येथे स्पष्ट दिसते.

शेपटीकडे मात्र उन्हाळा थेट दांडीतच शिरतो. शेपटीच्या लहान रोटरचा कोन बदलणारी दांडी शेपटीच्या नळीला समांतर जाते. नळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते आणि दांडी पोलादाची किंवा कार्बन तंतूंची. एक अंश तापमानवाढीला अ‍ॅल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत २३ भाग वाढते, पोलाद १२ भाग, आणि कार्बन तंतूंची दांडी लांबीच्या दिशेने जवळपास वाढतच नाही. ठिबक सिंचनाच्या नळ्या सकाळी ताणून अंथरल्या तर दुपारी त्या सरीवर नागमोडी पडलेल्या दिसतात, हे ज्या शेतकऱ्याने पाहिले आहे, त्याला दोन पदार्थांच्या वेगवेगळ्या प्रसरणाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. सर्व्होपासून शेपटीपर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर आणि तापमानातील फरक ३० अंश धरला, तर अ‍ॅल्युमिनियमची नळी ०.२ मिलिमीटरने वाढते. कार्बनची दांडी तेवढीच राहते. म्हणजे कोणीही हात न लावता शेपटीच्या लिंकला अर्धा फेरा दिला जातो. पोलादी दांडी असेल तर हा फरक निम्म्यावर येतो. जायरो, म्हणजे शेपटीचे वळणे ओळखून तिला आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण, दिशा धरून ठेवण्याच्या अवस्थेत ही चूक भरून काढते आणि म्हणून ती उडवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण साध्या अवस्थेत आणून पाहिल्यास शेपूट एका बाजूला सरकताना दिसते. शेपटीची जुळवणी याच साध्या अवस्थेत करावी : सर्व्होचा आर्म दांडीशी काटकोनात, दुसऱ्या टोकाचा वळणहातही काटकोनात, आणि मुख्य रोटरच्या उलट्या पिळाला तोलण्यापुरता शेपटीच्या पात्यांना थोडा कोन. हिवाळ्यात केलेली ही जुळवणी मार्चच्या अखेरीस पुन्हा तपासणे खानदेशात आवश्यक ठरते. नळीवरील मार्गदर्शक कड्यांतून दांडी कोठेही न घासता जाते का, हेही तेव्हाच पाहावे, कारण प्लास्टिकच्या कड्या उन्हात वाकतात.

धूळ हा दुसरा स्थानिक प्रश्न आहे. तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात बारीक पूड होऊन उडते आणि रोटरच्या खालच्या झोताने जमिनीलगत ढग उठतो. बॉल लिंकवर तेल लावले, तर ही पूड तेलात बसते आणि घासणारा लेप तयार होऊन काही आठवड्यांत लिंक ढिली पडते. म्हणून लिंक कोरड्याच ठेवाव्यात आणि प्रत्येक दिवसाच्या उड्डाणांनंतर मऊ ब्रशने झटकाव्यात. उड्डाण-जागी ताडपत्री किंवा प्लास्टिकची चटई अंथरली, तरी धुळीचा मोठा भाग टळतो.

उड्डाणाची जागा निवडताना ड्रोन नियम, २०२१ कडे पाहणे भाग आहे. शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणूक यांसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना या नियमांनी प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली आहे, पण हवाई क्षेत्राची बंधने त्यांनाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत उडवण्यासाठी परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत ती लागत नाही. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेला जळगाव विमानतळ कुसुंबा येथे, शहराच्या अगदी लगत आहे. त्यामुळे शहरातील बहुतेक मोकळी मैदाने परवानगी लागणाऱ्या भागातच येतात. जागा पक्की करण्यापूर्वी शासनाचा हवाई क्षेत्र नकाशा पाहावा.

अखेरची जुळवणी मैदानावरच होते, कारण पात्यांचा माग फिरत्या रोटरातच दिसतो. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगांची चिकटपट्टी लावून हेलिकॉप्टर किमान दहा मीटर दूर ठेवावे, पाठीमागे किंवा बाजूला कोणी उभे नाही हे पाहावे आणि रोटर पूर्ण वेगाला आणून यंत्र जेमतेम हलके होईपर्यंत कलेक्टिव्ह वाढवावा. बाजूने पाहिल्यास दोन्ही पात्यांची टोके एकाच रेषेत फिरायला हवीत. दोन रेषा दिसल्या, तर वरच्या रेषेतील पात्याचा कोन जास्त आहे. मग रोटर पूर्ण थांबवून, बॅटरी काढून, त्या रंगाच्या पात्याची दांडी कोन कमी होईल अशा दिशेने अर्धा फेरा फिरवावी. वेग अपेक्षेपेक्षा जास्त भरत असेल, तर खालच्या पात्याचा कोन वाढवणे अधिक योग्य ठरते, कारण त्याने माग जुळतो आणि वेगही खाली येतो. अर्ध्या फेऱ्याने रेषांची अदलाबदल झाली, म्हणजे वरचे पाते खाली आणि खालचे वर गेले, तर चूक अर्ध्या फेऱ्यापेक्षा लहान आहे. अशा वेळी उरलेला फरक दुसरी, किंचित वेगळ्या लांबीची लिंक लावून किंवा दोन टोकांना वेगळ्या आट्यांची दांडी असेल तर तिला पाव फेरा देऊन काढता येतो. माग जुळल्यावर प्रत्येक दांडीची लांबी व्हर्निअरने मोजून, ती कोणत्या सर्व्होची किंवा कोणत्या पात्याची आणि कोणत्या तापमानाला मोजली हे लिहून ठेवावे. मैदानावर एखादी लिंक तुटली, तर त्या नोंदीवरून नवी दांडी तेथेच त्याच लांबीची करता येते आणि फक्त मागाची चाचणी पुन्हा घ्यावी लागते.